पानवेल सासरी नेताना

वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या तासाला मालती मुलांना पुस्तक उघडू देत नसे. फळ्यावर एकच वाक्य लिहून ती खडू खाली ठेवी: झाडाला पळता येत नाही. उरलेले सगळे शास्त्र ह्या एका वाक्यातून निघते, असे तिचे म्हणणे. पळता येत नाही म्हणून झाड उभ्या जागी उन्हावर आपले अन्न शिजवते. पळता येत नाही म्हणून ते पानांत कडूपणा आणि तिखटपणा साठवून किड्यांना दूर ठेवते. पळता येत नाही म्हणून ते बीजाला पंख लावते, नाहीतर गोड गरात लपवून पाखरांच्या स्वाधीन करते. माझा मराठीचा तास शेजारच्या खोलीत असे. भिंतीपलीकडून येणारा तिचा आवाज माझ्या तोंडच्या कवितेत मिसळे, आणि आपण दोघी एकच धडा शिकवतो आहोत असे मला पुष्कळदा वाटे.

आम्ही दोघी निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या आश्विनात ती माझ्या पुण्याच्या घरी आली आणि चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, "माझ्या माहेरी येतेस? आमची वेल मरते आहे. शेवटचा वाफा उरलाय, तो हलवायचा आहे."

तिचे माहेर वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीरहून आत. गावाचे नाव तिने लिहू दिलेले नाही. एके काळी गावाच्या तिन्ही अंगांना पानमळे होते, विड्याच्या पानांचे. काही वर्षांपूर्वी वेलींना मर लागली आणि एकेक मळा काळा पडत गेला. मालतीचा भाऊ वारल्यापासून त्यांचा मळा तिची वहिनी, नलूबाई, एकटी राखत होती. तिच्याकडे एका कोपऱ्यात थोड्या वेली अजून हिरव्या होत्या. नलूवहिनीची मुलगी संगीता किन्हीराजाला दिलेली. तिथल्या कोऱ्या जमिनीत तिने नवा मळा आखला होता. तिथे वेल धरली तर वाचली. नाही धरली तर मागे काही उरणार नव्हते, कारण ह्या वेलीला बी नसते.

मंगरूळपीर

दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी गुलाबाचा आणि लोबानाचा वास एकमेकांना धरून चालत होता. टोपल्यांतल्या पाकळ्यांवर पाणी शिंपडलेले. मालतीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ती थेट एका पानाच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिली. दुकान सलीमचाचांचे. त्यांचे वडील मालतीच्या वडिलांकडून पानाच्या करंड्या घेत.

"अरे, मालूबाई! पुन्याचं पानी लागलं तुमाले, वयखू येत नाही," चाचा म्हणाले. त्यांचे हात थांबले नव्हते. प्लास्टिकच्या जाड कागदावर सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन ते तळव्याने घासत होते. विदर्भात ह्याला खर्रा म्हणतात. त्या घासण्याचा कोरडा आवाज सबंध रस्त्याला लागून राहिलेला होता.

"पान लावा की एक," मालती म्हणाली.

"लावतो. पन तुमच्या गावचं नाही. हे रेल्वेनं येते, कलकत्त्याहून." त्यांनी ओल्या फडक्याखालून एक जाड, गडद पान काढले. "थे तुमचं पान कसं होतं! तोंडात ठेवलं का इरघळलं. आता इथं पान मांगते कोन? पोट्ट्यांले हे पायजे." त्यांनी खर्ऱ्याची पुडी वर करून दाखवली. "पान चावाले टाइम लागते बाई. यांच्यापाशी टाइम कुठी हाय?"

"तुम्हीच तर विकता."

"विकतो ना! मी कुठी म्हनलं का मी लय शहाना हावो?" ते हसले आणि मग हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. "मायी अम्मी आखरीले तुमच्याच गावचं पान मांगत होती. मी शहरभर फिरलो. शेवटी बनारसी दिलं. तिनं जिभेवर घेतलं, अन् थुंकून टाकलं."

आम्ही कशासाठी आलो ते मालतीने सांगितले. चाचांनी घासणे थांबवले आणि हात पुसले. "किन्हीराजाले लागली वेल, तर पयली करंडी ह्या दुकानात. खर्रा बाजूले ठेवतो त्या दिवशी. इन्शाल्ला."

पान मी तोंडात घातले. तिखट झणका नाकापर्यंत गेला. मालती चालता चालता म्हणाली, "तो तिखटपणा वेलीने किड्यांना दिलेली धमकी आहे. आपण ती जेवण झाल्यावर चघळतो."

मळ्यात

गावापर्यंतच्या रस्त्यावर सोयाबीनची काढणी चालली होती. मळणीयंत्रांतून उडणारा पिवळा धुरळा उन्हात तरंगत होता आणि रिक्षात बसल्या बसल्या मी शिंकून बेजार झाले. दोन्ही बाजूंना एकच पीक, एकाच उंचीचे, एकाच दिवशी वाळलेले. रिक्षा थांबवून मालतीने रस्त्याकडेला टाकलेले एक रोप उचलले आणि मला त्याच्या मुळावरच्या बारीक गाठी दाखवल्या. हवेतला नत्र त्या गाठींत जमिनीच्या उपयोगाचा होतो. ती गाठी दाखवत होती, पण तिचे डोळे दूरच्या एका हिरव्या ठिपक्याकडे लागलेले होते.

मळ्याच्या दाराशी चपला काढाव्या लागतात. पुण्यात आपण देवळापाशी काढतो तशा. आत पाऊल टाकले आणि ऊन मागे राहिले. शेवरीच्या आणि हेटीच्या, म्हणजे हादग्याच्या, बारक्या झाडांवर वेली चढवलेल्या. पानावर पान, हृदयासारखी, आणि त्यांच्यातून गाळून येणारा हिरवा, थंड, किंचित मसालेदार अंधार. मातीचा स्पर्श तळव्यांना माठासारखा लागत होता. मी आयुष्यभर ज्याला 'गर्द' म्हणत आले तो शब्द मला तिथे पहिल्यांदा त्वचेने कळला.

तो गर्दपणा फारतर एका खोलीएवढा होता. त्याच्या पलीकडे शेवरीच्या उघड्या काठ्यांच्या रांगा उभ्या होत्या आणि त्यांना काळ्या, कुजून वाळलेल्या दोऱ्या लटकत होत्या. त्या वेली होत्या. अगदी मधोमध एक मनगटाएवढा जाड काळा बुंधा होता.

"थोरली वेल," नलूवहिनी मागून येत म्हणाल्या. "सगळ्या गावाच्या वेलींची माय. मागच्या पावसात गेली." उंच, सडपातळ बाई. हिरव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. त्यांनी मालतीला पोटाशी धरले आणि लगेच दूर सारून न्याहाळले. "काहून व मालूबाई, पुन्यात भाकर नाही भेटत का? हाडं वाजून राह्यली तुमची."

जेवायला ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि हेटीच्या पांढऱ्या फुलांची भाजी होती, बेसन लावून परतलेली. ज्या झाडाने वेलीला खांदा द्यायचा त्याचीच फुले. वेल गेली तरी काठ्या फुलत होत्या. भाजीची मऊ, कडसर चव जिभेवर बराच वेळ राहिली.

जेवणानंतर मालतीने मला ती वेल शिकवली. नववीच्या वर्गाला शिकवावी तशी, शांतपणे. पानवेलीत नर वेगळा, मादी वेगळी. गावात पूर्वी कुणीतरी एकच वेल आणली. म्हणून फळ नाही, बी नाही. पेरापाशी तुकडा कापून लावायचा, पेरातून मुळे फुटतात आणि नवी वेल उठते. "म्हणजे नवी नव्हेच," ती म्हणाली. "गावातल्या सगळ्या मळ्यांत मिळून वेल एकच. तिचे तुकडे वेगवेगळ्या बांधांवर उभे. ह्या झाडाला पळता येत नाही म्हणून ते माणसाच्या हातांवर चालत आले. आणि सगळ्यांचे अंग एकच, म्हणून एकीला जे मारते ते सगळ्यांना मारते."

"मारते काय?"

"मातीतला एक जीव. बुरशीच्या चुलत घराण्यातला म्हण. फार बारीक. पाणी मिळाले की तो पोहत सुटतो, मुळाचा वास धरून."

"पण इतक्या मळ्यांत तो पोचला कसा? मळे तर एकमेकांपासून लांब आहेत."

मालतीने वहिनींकडे पाहिले. वहिनी ताट घासत होत्या. त्यांचे हात मंदावले.

मग मालतीकडून मला गावाची एक रीत समजली. ह्या गावात वेल विकत नाहीत. ज्याचा मळा मरतो त्याला शेजारी वेल देतात, आणि देतात ती मुलगी दिल्यासारखी. तुकडे ओल्या फडक्यात बांधायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि सोबत आपल्या मळ्यातली मूठभर माती द्यायची. वेल नव्या जागी बुजू नये म्हणून ती माती तिच्या मुळाशी घालायची. तिला माहेरची माती म्हणतात.

"आजोबांच्या काळी त्यात चूक नव्हती," मालती म्हणाली. "जुन्या मातीत मुळांना मदत करणारे जीवही असतात. पण मर आली तेव्हा ज्याचा मळा गेला त्याच्या दारी सगळा गाव वेल घेऊन धावला. मुठीमुठीने माती घेऊन धावला. एक मळा मेला असता, वहिनी. फार तर दोन."

मग वहिनी म्हणाल्या, "मंग का नाही द्याची होती? शेजाऱ्याचा मया मरून राह्यला, अन् आमी हातावर हात ठेवून बसाचं?"

"वेल द्यायची होती. माती नव्हती द्यायची."

"पोरगी देल्ली अन् तिची ओटी नाही भरली, असं झालं थे."

"वहिनी, ह्या वेळी माती नको. चिमूटभरही नको. संगीताची जमीन कोरी आहे. तिच्यात तो जीव अजून गेलेला नाही."

वहिनींनी राखेचा हात धुतला. "नको तर नको. तुमी शिकलेल्या. मले काय, मी तर येडी." त्यांचा स्वर रागाचा नव्हता. त्या आतून थकलेल्या होत्या.

संध्याकाळच्या आत आम्ही कोपऱ्यातल्या हिरव्या वाफ्यातून तुकडे कापले. जमिनीपासून उंचावरचे, जिथे माती उडाली नसेल असे. मालतीने प्रत्येक तुकडा घंगाळातल्या पाण्यात धुतला, पुन्हा दुसऱ्या पाण्यात धुतला. वहिनी फडके धरून बसल्या होत्या. जाड पेरे, तांबूस देठ, कोवळ्या डोळ्यांची टोके. मागे वाफ्यात खुरटे बुडखे तेवढे राहिले. वहिनी तिकडे पुनःपुन्हा पाहत होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला तर तो गार होता, आणि त्याला त्याच पानांचा वास होता.

बसमध्ये

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा गाठोडे वहिनींच्या मांडीवर होते. मंगरूळपीरहून आम्ही शेलूबाजारची बस धरली आणि शेलूबाजारला उतरून किन्हीराजाची. ती दुसरी बस अर्ध्या वाटेत बंद पडली. ऑक्टोबरचे ऊन पत्र्यातून आत उतरत होते आणि फडके सुकायला लागले. मालतीची बाटली रिकामी झाली, माझी झाली.

"काय हाय त्याच्यात, मासोळ्या?" पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने विचारले.

"पानवेल हाय मावशी," वहिनी म्हणाल्या. "पोरीच्या घरी नेऊन राह्यलो."

"म्हंजे सासरी चालली म्हन!" म्हातारीने आपल्या पिशवीतली बाटली काढून सगळे पाणी फडक्यावर ओतले. मग मागची एक बुरखा घेतलेली तरुणी उठली आणि तिने आपल्या मुलीच्या बाटलीतले ओतले. वाहकही डोकावून गेला. "इचं तिकीट काढलं का?" त्याने विचारले आणि बस हसली. म्हातारीने कनवटीची कुंकवाची डबी काढून फडक्यावर बोट टेकले.

पुण्याहून निघाल्यापासून मला प्रथमच बरे वाटले. खिडकीबाहेर तुरीची शेते पिवळ्या कळ्यांवर आली होती. बसमधल्या माणसांकडे मी पाहत होते. अंगावर कापूस, डब्यात ज्वारी, ओठात तंबाखू, केसांत तेल, कपाळावर हळदीचे कुंकू. मालतीचा पहिला धडा आठवला. ज्यांना पळता येत नाही त्यांच्यावर आम्हा पळणाऱ्यांचा सगळा संसार उभा आहे. बस पुन्हा सुरू झाली तेव्हा वहिनींनी एका हाताने गाठोडे सावरले आणि दुसऱ्या हाताने पदराचे टोक घट्ट धरले. मला वाटले, पैसे बांधले असतील.

किन्हीराजा

संगीता गावाबाहेर रस्त्यावरच उभी होती. आईच्याच बांध्याची, पण गालांवर हसू सांडणारी. "आत्या, मला वाटलं तू म्हातारी झाली असशील," ती मालतीला म्हणाली आणि गाठोडे घेऊन पुढे पळत सुटली. शाळेत शिकलेली तिची भाषा दोन वाक्ये टिकली, मग आईची सुरू झाली. "माय, पाय ना, समदं तयार हाय. शेवऱ्या कशा वाढल्या पाय!"

शेत उताराचे. वरच्या टोकाला विहीर, आणि तिथून पाण्याचा एकच सलग दांड शेवरीच्या रांगेच्या मुळांशी वळणे घेत खाली गेलेला. माती काळी, ताजी, भुसभुशीत. मालतीने ती मुठीत घेऊन हुंगली, डोळे मिटले, आणि तिचा चेहरा इतका सैल झाला की मला ती एकदम तरुण दिसली. "हिच्यात काही नाही," ती मला म्हणाली. "ही जमीन पानवेलीला ओळखतच नाही."

आम्ही चौघींनी मिळून तुकडे लावले. वरच्या टोकापासून खालपर्यंत, एकेका शेवरीच्या बुडाशी. संगीता प्रत्येक वेलीला काहीतरी पुटपुटत होती. काम संपल्यावर ती मोटार सुरू करायला विहिरीकडे गेली. मालती आणि मी बांधावरच्या हौदाशी हात धुवायला थांबलो.

वळलो तेव्हा वहिनी पहिल्या वेलीशी, दांडाच्या तोंडाशी, उकिडव्या बसल्या होत्या. पदराचे टोक सोडलेले होते.

"वहिनी!"

त्यांनी वर पाहिले. चेहरा लहान मुलीसारखा उजळ. "रागावू नोका मालूबाई. समद्यांले नाही टाकली. ह्या एकीलेच, चिमूटभर. थोरल्या वेलीच्या बुडाची होती. कोनीतरी एक तर माहेरची पायजे ना तिच्यासंगं. कोरड्या हातानं कशी धाडू?"

मालती धावली. साठीच्या पुढची बाई, संधिवाताचे गुडघे, ती पहिल्या वेलीशी कोसळल्यासारखी बसली आणि दोन्ही हातांनी मुळाभोवतीची माती उपसू लागली. "पाणी नको!" ती विहिरीकडे बघून ओरडली. "संगीता, पाणी सोडू नकोस!" पण मोटार लागली होती, आणि तिच्या आवाजापुढे विहिरीपाशी काही ऐकू जात नव्हते. दांडाच्या तोंडातून पाण्याची तपकिरी जीभ आली. ती मालतीच्या बोटांमधून गेली, तिच्या उकरलेल्या खळग्यात क्षणभर फिरली, आणि दुसऱ्या वेलीकडे निघाली. मी फावडे शोधले, दांडावर माती ओढली. पाणी बाजूने वाट काढून गेले. तिसऱ्या वेलीकडे, पाचव्या वेलीकडे. उतारावर ते किती सुंदर चमकत होते ते लिहिताना माझा हात जड होतो.

मालती उठली नाही. तिच्या कोपरापर्यंत चिखल होता. वहिनींनी आधी तिच्याकडे पाहिले, मग पाण्याकडे, मग आपल्या रिकाम्या पदराकडे. त्यांना काय समजले ते मी पाहिले. चेहऱ्यावरून सावली सरकावी तसे ते सरकत गेले. त्यांनी पदराचे टोक तोंडात कोंबले.

"थो जीव तं पोहते म्हनलं होतं ना तुमी," त्या फडक्याआडून म्हणाल्या. "पान्यात."

मालतीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून बुरशी मारणारे मोरचूद आणि चुन्याचे पाणी मुळांना देणे सुरू झाले. कारण संगीताला सांगितले नाही, सगळेच देतात म्हणाली मालती. माघात संगीताचा फोन आला. मालतीने काय झाले ते विचारलेच नाही. वेली कोणत्या टोकाकडून काळ्या पडायला लागल्या, एवढेच विचारले, आणि 'वरच्या' हे उत्तर ऐकून फोन माझ्या हातात दिला. नलूवहिनींच्या कोपऱ्यातले बुडखे पुन्हा फुटलेच नव्हते. सलीमचाचांना कुणी काही कळवलेले नाही.

पण त्या दुपारी हे सगळे अजून व्हायचे होते. त्या दुपारी पानांना आपले काही ठाऊक नव्हते. ताजे तुकडे ओल्या मातीत ताठ उभे होते आणि वाऱ्याने त्यांची टोके हलत होती. मोटार थांबली. बांधावरून संगीता येताना दिसली तशी वहिनींनी घाईने डोळे पुसले आणि मालतीचा चिखलाचा हात दाबला. "पोरीले नोका सांगू. आज नोका सांगू."

संगीता ओल्या पायांनी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. आम्हा तिघींकडे पाहून ती हसली. नवीन मळा लावताना बायका रडतात हे तिला नवे नव्हते.

"आत्या," तिने उताराच्या खालच्या टोकाकडे मान उंचावत विचारले, "शेवटच्या वेलीपर्यंत पोचलं ना पानी?"

मालतीने खाली पाहिले. रांगेच्या टोकाला, अगदी शेवटच्या शेवरीच्या बुडाशी, आकाशाचा एक तुकडा साचून थरथरत होता.

"हो गं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत पोचलं."